पेटी शिकणाऱ्या अकाउंटंटला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकच्या अंबडला एका छोट्या कंपनीत अकाउंट्सला बसतो. वय ४७. दोन वर्षांपासून हार्मोनियम शिकतोय, म्हणजे आपली पेटी. ऑफिसात कोणाला सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हतो. पण गेल्या एप्रिलमध्ये दुरुस्तीवरून आणलेली पेटी घेऊन थेट कामावर यावं लागलं. गेटवर सिक्युरिटीने अडवलं आणि विचारलं, "रिटर्नेबल का नॉन-रिटर्नेबल?" तेव्हापासून डबा खाताना, पंचिंगच्या रांगेत, जीएसटीचं पोर्टल हँग झालेलं असताना तेच ते प्रश्न येतात. सगळ्यांना एकदाच उत्तर मिळावं म्हणून हे लिहून पाण्याच्या फिल्टरशेजारी लावतोय. उभ्याने वाचा, पाणी प्या, कामाला लागा.

गेट पासवर शेवटी काय लिहिलं?

रिटर्नेबल. वर्णनाच्या रकान्यात "लाकडी पेटी, १ नग". संध्याकाळी बाहेर पडताना दुसऱ्या शिफ्टचा सिक्युरिटी होता. तो म्हणाला, पेटीत काय आहे ते उघडून दाखवा. उघडली. त्याने एक पट्टी दाबून पाहिली, आवाज आला नाही. "खराब आहे वाटतं," म्हणाला आणि तसं लिहायलाही लागला. मी भाता हलवला आणि आता दाबा म्हटलं. त्याने दाबली. मागच्या रांगेतली सगळी माणसं गप्प झाली.

माझा आजवरचा जाहीर कार्यक्रम तेवढाच. एक सूर, पट्टीवर सिक्युरिटी, भात्यावर मी.

बरं, मग खरा कार्यक्रम कधी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. उत्तर: नाही.

गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर रोज सकाळी शेकडो लोक चालतात. त्यांना कोणी विचारत नाही की मुंबईला कधी पोहोचणार. माणूस वाद्य घेऊन बसला की मात्र लगेच स्टेज, हार, निवेदिका. मला अजून दोन्ही हातांचा मेळ नीट बसत नाही. डावा भाता मारायचा विसरला की उजवा कितीही शहाणपणा करू दे, पेटी मुकी. हे जमल्यावर काय करायचं ते मी ठरवलेलं नाही, आणि ठरवलेलं नाही याचं मला फार बरं वाटतं. ऑफिसात माझ्या प्रत्येक कागदाला ड्यू डेट असते.

या वयात कशाला?

त्या वयात कोणी शिकवलं नाही म्हणून.

पण शिकता कुठे?

पंचवटीत, एका जुन्या वाड्यात. शिकवणाऱ्या बाईंचं वय सत्तरीच्या पुढे. आवाज असा की वरच्या मजल्यावरून "कोमल, कोमल!" म्हणाल्या तर बोळातला भाजीवालासुद्धा दचकतो. आमच्या कंपनीला शनिवारी सुट्टी, म्हणून माझा तास शनिवारी दुपारी साडेबाराचा. दुसऱ्या कोणाला ती वेळ नको असते, विशेषतः उन्हाळ्यात.

पंचवटी आणि गाणं यांचं नातं जुनं आहे, हे मला तिथे जायला लागल्यावर कळलं. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं ते ५ मे १९०१ रोजी. लाहोरच्या मे महिन्यात शाळा काढणारा माणूस ऐन उन्हात तासाला येणाऱ्यांना काय माफी देणार, असं बाई मला ऐकवतात. पुढे ते नाशिकला येऊन राहिले, इथे रामनाम आधाराश्रम काढला. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर नाशिकलाच जन्मले, २८ मे १९२१ ला. म्हणजे तेही भर उन्हाळ्यातच. अवघ्या चौतिसाव्या वर्षी, १९५५ साली गेले. त्यांचं गाणं ऐकताना मला दर वेळी वाटतं की यात घाम कुठेच दिसत नाही. बाई म्हणतात, तो आधीच गाळलेला असतो.

उन्हाळ्यात कोणता राग वाजवतात?

दुपारी सारंग. सारंगाचे प्रकार बरेच आहेत, माझ्या वाट्याला आलाय तो वृंदावनी सारंग. अकाउंट्सच्या माणसाला समजेल असं सांगतो. सात सुरांपैकी ग आणि ध हे दोघं रजेवर. उरलेले पाच जण काम ओढतात. आमच्या डिपार्टमेंटची मे महिन्यातली हजेरी डोळ्यांसमोर आणा. त्यात नी चढताना शुद्ध असतो आणि उतरताना कोमल होतो, म्हणजे एक पट्टी खाली येतो. साहेबांच्या केबिनकडे जाताना माणसाचा चेहरा आणि परत येतानाचा चेहरा यात जो फरक असतो, साधारण तोच.

रे वरून म वर जाताना मध्ये ग नसतो, त्यामुळे तिथे एक मोकळी जागा पडते. सुरुवातीला माझं बोट सवयीने त्या जागेत जायचं आणि ग वाजायचा. बाई काही बोलायच्या नाहीत, फक्त पंख्याकडे बघायच्या. तीन महिन्यांनी बोट शहाणं झालं. आता ती जागा ओलांडताना असं वाटतं की कडक उन्हातून चालताना मध्येच एका घराची सावली लागली.

म्हणजे सारंग ऐकला की गार वाटतं?

नाही हो. पंचवटीत दुपारी साडेबाराला काहीही ऐकलं तरी गार वाटत नाही. वाटतं इतकंच की दुपारलाही स्वतःचं काहीतरी असतं. नाहीतर आपण दुपार म्हणजे जेवण आणि चहा यांच्यामधली अडगळ समजतो.

तुम्ही कॅन्टीनमागे उभे राहून मान का डोलावता? (हा प्रश्न एचआरकडून आला आहे.)

ट्रान्सफॉर्मर ऐकत असतो.

हसू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर त्याच्या दुपटीने गुणगुणतो, म्हणजे १०० हर्ट्झ. कारण विजेच्या एका आवर्तनात त्याच्या आतला लोखंडी गाभा दोनदा ताणला जातो. पेटीवर खर्जातली (खालच्या सप्तकातली) पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी, ९८ हर्ट्झची आणि तिच्या शेजारची काळी चार जवळपास १०४ ची. आपला ट्रान्सफॉर्मर या दोघींच्या मध्ये कुठेतरी गातो, पांढरी पाचच्या जरा वर. हे मी मोबाइलवरच्या ट्यूनरने तपासलं आहे. सकाळी ९ ते संध्याकाळी ६, न थकता, षड्ज, म्हणजे सा, न सोडता. तंबोऱ्याला माणूस बसवावा लागतो, हा फुकट आहे. मी त्याच्यावर मनातल्या मनात सारंग धरतो आणि मान डोलते. कोणाला त्रास होत असेल तर मान हलवणं कमी करीन.

उन्हाळ्याचं संगीत म्हणजे तुमच्या मते काय? रागबिग सोडून सांगा.

रसवंती. सगळ्यात आधी रसवंती.

चरख्याला घुंगरं बांधायची कल्पना ज्याला पहिल्यांदा सुचली तो माणूस मोठा होता. नुसता चरखा फिरत असतो तेव्हा घुंगरांची लय मध्य. ऊस आत गेला की मोटर दमते, लय विलंबित. ऊस पिळून बाहेर पडला की चरखा सुटतो आणि द्रुत. मग तोच ऊस दुमडून, मध्ये लिंबू-आलं घालून पुन्हा आत, पुन्हा विलंबित. पाथर्डी फाट्याकडच्या एका रसवंतीवर मी एकदा हातावर मात्रा मोजत बसलो होतो. मालकाला वाटलं मी ग्लास मोजतोय आणि विक्रीकर खात्यातून आलोय. विक्रीकर जाऊन जीएसटी आला, पण भीतीचं नाव तेच राहिलंय. त्याने मला रस फुकट दिला. मी पैसे ठेवले तर आणखीच घाबरला.

दुसरा तांबट. पक्षी. आपल्या पार्किंगच्या उंबरावर बसतो, हिरवा, चिमणीपेक्षा थोडा मोठा, कपाळ आणि गळा लाल. तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारावी तसा टुक, टुक, टुक. तो चोच मिटून ओरडतो आणि गळा तेवढा फुगतो, म्हणून आवाज कुठून येतोय ते पटकन कळत नाही. लय मात्र घड्याळासारखी. ज्या गावात भांडी बाजार आहे, जिथे तांब्या-पितळेची घडाई पिढ्यान्‌पिढ्या चालली, तिथे या पक्ष्याला तांबट म्हणायला कोणाला फार विचार करावा लागला नसणार. मार्च एंडला बॅलन्स जुळत नव्हता त्या तीन दुपारी हाच माझा मेट्रोनोम होता. बॅलन्स जुळला नाही, पण मी लयीत चुकत होतो.

कोकिळेबद्दल सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. (गातो तो नर, एवढं माहीत असू द्या. एचआरच्या महिला दिनाच्या पोस्टरवर चुकलं होतं.)

कुल्फीवाल्याची घंटा, कूलरची घरघर, चैत्रातल्या कामदा एकादशीला श्रीरामाचा आणि गरुडाचा रथ निघतो तेव्हाचा गजर, ढोल. नाशिक ढोलाबद्दल बाहेरगावचे लोक विचारतात की एवढा आवाज कशाला. आमच्या गल्लीत सराव असतो त्या दिवशी कपाटातली भांडी स्वतःहून ठेका धरतात, यापेक्षा जास्त स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, ते भाषण, पण संध्याकाळी नदीवरून वारा सुटला आणि वक्त्याचा आवाज लागला की त्यालाही मी गाण्यातच धरतो. वक्ता वेळ संपल्यावरही थांबला नाही तर धरत नाही.

उन्हाने पेटीला काय होतं?

इथे मी अनुभवाने बोलतो. गेल्या वर्षी मार्चमध्ये तासाहून परत येताना एका लग्नाला जायचं होतं. पेटी गाडीच्या डिकीत राहिली. लग्न, जेवण, आहेर, फोटो. साडेतीन तास, गाडी उन्हात. रात्री घरी उघडली तर भाता मारला की सुराच्या आधी "फुस्स" ऐकू यायचं. पट्टी सोडली तरी एक सूर वाजतच राहायचा, सासरी निघालेल्या मुलीसारखा हुंदके देत.

झालं असं की कोरड्या उष्णतेने लाकूड आकसलं आणि एका बाजूचा सांधा उघडला. भात्याच्या घडीवरचं चामडं कडक होऊन कोपऱ्यात चिरलं. आणि एका पट्टीखालची झडप नीट बसेनाशी झाली, तोच हुंदक्याचा सूर. आतले सूर, म्हणजे पितळी पात्या, त्यांना काही झालं नव्हतं. दुरुस्तीवाल्यांनी पेटी टेबलावर उलटी ठेवली, उदबत्ती पेटवली, मला वाटलं पूजा. ते धूर प्रत्येक सांध्याजवळ नेत होते. भाता दाबला की जिथून हवा निसटते तिथे धूर हलतो. तीन ठिकाणी हलला. "गाडीत ठेवली होती का?" त्यांनी न बघता विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांनी चौथ्या ठिकाणी धूर नेला. मी हो म्हणालो.

तर: गाडीत ठेवू नका, खिडकीखाली ठेवू नका, कूलरच्या ओल्या हवेच्या समोरही ठेवू नका. कोरडं आणि ओलं असं आलटून पालटून झालं की लाकडाचे जास्त हाल. वाजवून झाल्यावर भाता बंद करून खटके आत ढकला आणि वर सुती कापड टाका. महिनाभर हात लावणार नसाल तरी आठवड्यातून एकदा पाच मिनिटं वाजवा. बंद ठेवलेली पेटी आणि बंद ठेवलेली फाईल, दोन्हींत झुरळं होतात.

माझी बासरी दुपारी बेसूर का वाटते? (डिझाइनमधून)

अहो, ती बेसूर होत नाही, चढते. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, दर अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटर. २० अंशांना ३४३ मीटरच्या आसपास असलेला वेग ४० अंशांना ३५५ च्या आसपास जातो. नळी तेवढीच, वेग जास्त, म्हणून सूर वर. हिशेबाने दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून थोडं जास्त चढायला हवी. प्रत्यक्षात तेवढी चढत नाही, कारण तुमच्या फुंकेने नळी आधीच कोमट झालेली असते. पेटीच्या पात्या मात्र उकाड्यात चढत नाहीत, उतरल्याच तर किंचित उतरतात. त्यामुळे आपण दोघं डबा झाल्यावर जिन्यात बसतो तेव्हा भांडण होतं. तुम्ही म्हणता पेटी खाली आहे, मी म्हणतो बासरी वर आहे. दोघंही खरं बोलतो. तळमजल्याच्या सर्व्हर रूममध्ये बसलो तर मिटेल, पण आयटीवाले चावी देत नाहीत.

तबल्याचं वेगळं. कोरड्या उन्हात चामडं ताणलं जाऊन तो चढतो आणि पावसाळी दमट हवेत उतरतो. जूनमध्ये पाऊस लागला की तबलजींच्या हातात हातोडी जास्त वेळ दिसते, ती त्यामुळे.

परीक्षा दिली म्हणे?

कोणी सांगितलं?

दिली. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, त्यातलं एक सत्र एप्रिल-मे मध्ये. पहिली पायरी प्रारंभिक. केंद्र एका शाळेत होतं. मी इस्त्रीचा कुर्ता घालून गेलो. बाहेरच्या बाकावर एक ताई बसल्या होत्या, त्यांनी मायेने विचारलं, "तुमचा मुलगा आत आहे का?" म्हटलं, नाही, माझाच नंबर आहे. त्यांनी पर्स थोडी जवळ ओढली.

माझ्या आधी दुसरी-तिसरीतली मुलगी होती. दोन वेण्या, गळ्यात पाण्याची बाटली. ती आत गेली, सात मिनिटांत बाहेर आली आणि आईला म्हणाली, "सोप्पं होतं." मी आत शिरलो तर परीक्षक मान वर न करता म्हणाले, "पालकांनी बाहेर थांबा." मी फी भरल्याची पावती दाखवली. त्यांनी ती उलटीसुलटी पाहिली, मग मला पाहिलं, मग खुर्ची मागवली, कारण सतरंजीवर बसताना माझ्या गुडघ्यांनी स्वतंत्र आवाज काढला होता. मी खुर्ची नको म्हटलं.

भूप राग वाजवला. बरा गेला. मग म्हणाले, त्रिताल हातावर दाखवा. सोळा मात्रा, टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे तिथे टाळी वाजवायची नाही, हात मोकळा बाजूला न्यायचा. आयुष्यभर आकडे मोजलेल्या माणसाला सोळापर्यंत मोजायचं होतं. आणि मी नवव्या मात्रेला टाळी वाजवली. खणखणीत. खिडकीच्या गजांतून ती दोन वेण्यांची मुलगी बघत होती. तिने कपाळावर हात मारला. परीक्षकांना हसू आवरेना, त्यांनी पाणी प्यायल्याचं नाटक केलं आणि "पुन्हा करा काका" म्हणाले.

पास झालो. गुण सांगणार नाही, आकडे अजून ऑडिट व्हायचे आहेत.

ऑफिसात पेटी वाजवायला परवानगी आहे का?

डब्याच्या सुट्टीत, जिन्यात, वीस मिनिटं. तोंडी परवानगी. लेखी मागू नका, लेखी मागितली की पॉलिसी तयार होते.

बंदी आलीच तर मला वाईट वाटणार नाही. पेटीला बंदीची सवय आहे. ती मूळची परदेशी, तिच्यावर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, तिचे सूर ठरलेले, आपल्या श्रुती (सुरांमधले बारीक फरक) तिच्यात बसत नाहीत, अशा तक्रारी करून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला बाहेर काढलं. ते १९७१ पर्यंत. तीस वर्षांहून जास्त. तक्रारी सगळ्या खऱ्या होत्या, हे मी पेटीवाला असूनही मान्य करतो. पण तेवढ्या काळात गावोगावच्या भजनी मंडळांनी, कीर्तनकारांनी, शाळांनी तिला सोडलं नाही, आणि रेडिओलाच परत बोलवावं लागलं. आपल्या एचआरची कुठलीही पॉलिसी आजवर तीस महिनेसुद्धा टिकलेली नाही.

साहेबांच्या मुलीच्या लग्नात वाजवणार का?

नाही. तिथे डीजे आहे. साहेबांनी विचारलं होतं, मी म्हटलं माझा नी अजून कोमल व्हायचा आहे. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि "टेक केअर" म्हणाले. त्यांना तो आजार वाटला असावा.

एसी २४ वर ठेवायचा का २२ वर?

या पानाचा विषय नाही.

मलाही शिकायचंय. कोणती पेटी घेऊ?

आधी घेऊ नका. तीन महिने क्लासच्या पेटीवर वाजवा. तोवर निम्म्या लोकांचा उत्साह पावसासोबत वाहून जातो आणि घरात कपड्यांच्या घड्या ठेवायला एक महागडं टेबल येतं. टिकलात तर जुनी, दोन सुरांची (म्हणजे एका पट्टीला दोन पात्या), चांगल्या भात्याची पेटी बघा. दुकानात गेल्यावर बोटं नंतर, आधी सगळ्या पट्ट्या मोकळ्या ठेवून भाता दाबा. दाबून धरला आणि हळूहळूसुद्धा मिटत गेला, तर हवा निसटतेय. शिक्षकांना सोबत न्या. बाईंनी माझी पेटी निवडताना दुकानदाराला फक्त एक सूर सलग वाजवायला सांगितला आणि डोळे मिटून बसल्या. दुकानदाराने स्वतःहून किंमत कमी केली.

घरचे काय म्हणतात?

बायको म्हणते, दार लावून घ्या. मुलगी म्हणते, बाबा, कालच्यापेक्षा बरं. मी मुलीचं ऐकतो आणि दार लावून घेतो.

जिन्यात हल्ली डिस्पॅचचे काका का बसलेले असतात?

ते परवा आले. निवृत्तीला चार महिने राहिलेत. आजवर त्यांच्याशी माझं बोलणं म्हणजे लॉरी रिसीटवर सही नाही, वे-बिलाचा नंबर चुकला, एवढंच. पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "एक अभंग धरू का?" गावी भजनी मंडळात पंचवीस वर्षं गायले, इथे आल्यापासून बंद. मी विचारलं, पट्टी कोणती? म्हणाले, ते काय माहीत नाही, आमचा पेटीवाला ओळखायचा.

त्यांनी नुसता आ लावला. मी एकेक पट्टी दाबत वर गेलो. काळी चार. सरळ, न हलता. ट्रान्सफॉर्मरच्या अगदी थोडं वर. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तरी काका थांबले नाहीत, आणि भाता माझ्या हातात असल्यामुळे मलाही थांबता आलं नाही. त्या दिवशीच्या दोन गाड्या वीस मिनिटं उशिरा सुटल्या. कारणाच्या रकान्यात "तांत्रिक" लिहिलं आहे.

हे पान कलर प्रिंट कोणी काढलं? मंजुरी कोणाची?

खर्चाबद्दलचे प्रश्न अकाउंट्सकडे पाठवा. मी शनिवारी नसतो.